श्राद्धाचा तांबडा रस्सा

सासूबाईंच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी मालसुकने घरात तांबडा रस्सा शिजवायला घेतला, तो चुकून नव्हे. चुकायला ती काही नवी नवरी नव्हती. साठी उलटून गेली होती, आणि लग्न होऊन आल्यापासून सासरचे इतके पितर तिने जेवू घातले होते की त्यांतल्या निम्म्यांची नावंही तिला येत नव्हती. श्राद्धाच्या स्वयंपाकात लसूण चालत नाही, मिरचीचा कणही चालत नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरीलाही ठाऊक असतं. मेलेली माणसं तांबड्याला बिचकतात. घरात मिरची-लसणाचा वास भरलेला असला की ती फाटकापर्यंत येतात, आत डोकावतात आणि उपाशीच परत जातात.

मालसुकला नेमकं तेच हवं होतं. म्हातारीने यावं, जिथे जन्मभर राज्य केलं त्या घराबाहेर उभं राहावं, आत दिवा लागलेला बघावा, पोराचा आवाज ऐकावा, आणि तिला आत पाऊल टाकता येऊ नये. मेलेल्या माणसाला वर्षातून एकदाच त्याच्या नावाचं ताट मिळतं. त्या एका दिवशी तिने उपाशी परत जावं. यापेक्षा जास्त मालसुकला काही नको होतं, आणि याहून कमीवर ती ऐकणार नव्हती.

सूड कसा सुचला तेही सांगायला हवं. गेल्या वर्षी म्हातारी गेली तेव्हा तालुक्याच्या मर्तिकघरात माणसांची रीघ लागली होती, आणि येईल त्याच्यापुढे रीतीप्रमाणे तांबड्या रश्श्याचा वाडगा ठेवला जात होता. मेलेल्याच्या आसपास जे वाईटसाईट घोटाळत असतं ते जेवणाऱ्याच्या मागोमाग घरी येऊ नये, म्हणून मर्तिकाचा रस्सा नेहमी तांबडा. मालसुक काळे कपडे घालून वाडगे मांडत होती. कुणीतरी म्हणालं, "सूनबाई, तुम्हीही चार घास खा. उभ्या उभ्या पडाल अशानं." ती बसली, चमचा उचलला, आणि तिच्या मनात आलं की आपल्या आईच्या मर्तिकालाही हा झालाच असेल. सगळ्या गोछांगने, तिच्या माहेरच्या गावाने, खाल्ला असेल. पोटच्या पोरीने तेवढा नाही. तिने चमचा खाली ठेवला. समोर फुलांच्या गराड्यात सासूचा फोटो होता. त्या फोटोकडे बघत मालसुक मनातल्या मनात म्हणाली, याला भिता ना तुम्ही मेलेली माणसं? मग थांब म्हातारे, तुझ्या वर्षश्राद्धाला बघतेच.

वसंत ऋतूत तिने परसात सगळ्यात जहाल जातीच्या मिरचीची रोपं लावली. शेजारणी कुंपणावरून चेष्टा करायच्या. त्या भागात बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात, म्हणून मालसुक गावाला गोछांगवाली.

"गोछांगवाली, कुणाला मारायचा बेत आहे गं? एवढी जहाल मिरची कोण खाणार?"

"पाहुणी यायची आहे," मालसुक म्हणायची.

"पाहुणीवर फार जीव दिसतोय!"

"फार," मालसुक म्हणायची आणि खुरपं चालवायची. मिरची लाल झाल्यावर तिने ती अंगणात उन्हात वाळवली, ढग आला की आत नेली, ऊन आलं की बाहेर काढली. पोटच्या पोराचं करावं तसं तिने त्या मिरचीचं केलं.

श्राद्धाच्या दिवशी सकाळी नवरा पिलग्यू कुरकुरतच बाहेर पडला. श्राद्धाआधी अंग स्वच्छ हवं म्हणून त्याला तालुक्याच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचं होतं, तिथून केस कापायचे होते, आणि दुपारच्या बसने येणाऱ्या बहिणीला, मिरानला, घेऊन यायचं होतं. मासा, धिरडी, फळं मिरान आणणार होती. मालसुककडे भात, भाज्या आणि रस्सा एवढंच होतं.

"मुळा घातलेला पांढरा रस्साच कर," तो बूट घालता घालता म्हणाला. "आईला आवडायचा."

"तुमच्या आईला काय आवडायचं ते मला शिकवू नका," मालसुक म्हणाली.

म्हातारीला पांढरा रस्सा मुळीच आवडत नसे. तिला कपाळावर घाम फुटेल असं तिखट लागायचं. झटका आल्यावर डॉक्टरांनी मीठ-तिखट बंद केलं तेव्हापासून ती पातेल्याकडे टक लावून बघत बसायची. "पोरी, एक चमचा," असं म्हणायची. मालसुक तिच्यापुढे अळणी पेज ठेवायची आणि म्हणायची, "डॉक्टरांनी सांगितलंय, सासूबाई." डॉक्टरांनी सांगितलेलं मालसुकने इतक्या आनंदाने आयुष्यात दुसरं काही ऐकलं नव्हतं.

तिने मोठं पातेलं घरातल्या शेगडीवर चढवलं. एरवी एवढा मोठा रस्सा अंगणातल्या लोखंडी हंड्यात व्हायचा, पण आज वास घरातच कोंडायचा होता. बैलाच्या छातीकडचं मांस तिने गार पाण्यात घालून रक्त काढून टाकलं, मग पांढरा कांदा घालून मंद आचेवर ठेवलं. वर येणारा फेस काढत राहिली. दुसरीकडे डोंगरातले वाळवलेले नेच्याचे कोंब आणि अळूचे वाळके देठ भिजवून, उकळून, पाणी फेकून पुन्हा उकळले. अळूच्या बाबतीत आळस केला की घसा खाजतो, आणि सुडाचा असला तरी रस्सा होता. तो वाईट झालेला तिला चालला नसता.

मांस बोटांनी सुटं व्हायला लागलं तसं तिने ते बाहेर काढलं आणि निवल्यावर धाग्याधाग्याने सोडवायला बसली. या रश्श्याचं मांस सुरीने कापत नाहीत. बसून, हाताने, धाग्याच्या दिशेने सोडवायचं. त्या कामात हात गुंततात आणि डोकं मोकळं राहतं. मोकळं डोकं मालसुकला जिथे नेहमी नेतं तिथेच ते गेलं.

सासऱ्यांचं पहिलं वर्षश्राद्ध होतं ते. ती तेव्हा तिशीचीही नव्हती. पिलग्यू नुकताच घरचा कर्ता झालेला, पहिल्यांदाच थोरला मुलगा म्हणून पितरांपुढे मद्याचा प्याला ओतणार, भावकीतले सगळे काका येणार. मालसुक दोन दिवस चुलीपुढून उठली नव्हती. आणि त्याच दोन दिवसांत तिकडे गोछांगला तिची आई गेली. गावात तेव्हा एकच फोन, सरपंचाच्या घरी. निरोप आला तो घरात पोहोचला, पण तिच्यापर्यंत आला नाही. श्राद्ध तोंडावर असलेल्या घरातल्या माणसाने मर्तिकाच्या घरी जायचं नसतं. गेलं की विटाळ, मग त्या हातचं पितरांना चालत नाही. आणि रांधणारी दुसरी होती कोण? आईला पुरत होते तेव्हा मालसुक धिरडी तळत होती, आणि काका लोक कौतुक करताहेत म्हणून गुणगुणतही होती. ते गुणगुणणं तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही.

सगळे गेल्यावर, भांडी घासून झाल्यावर, पिलग्यूने जमिनीकडे बघत सांगितलं. "तुझी आई गेली. परवा. श्राद्ध होईपर्यंत बोलू नको, असं आईनं सांगितलं होतं." मालसुकने वर पाहिलं. सासू दारात उभी होती. ती क्षणभर मुलाकडे बघत राहिली, मग म्हणाली, "हो. मीच म्हणाले." आणि आत निघून गेली. ना माफी, ना डोळ्यांत पाणी. मालसुक धावतपळत गोछांगला पोहोचली तेव्हा मातीचा ढीग ओला होता. भाऊ म्हणाला, "तिरडी अंगणात ठेवून तुझी वाट बघितली. खांदेकरी म्हणत होते, ही लेकीला सोडून हलायची नाही. शेवटी जबरदस्तीनं उचलली." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. आजवर नाही.

पुढे दर वर्षी ते दिवस आले की सासू म्हणायची, "या वेळी मी रांधते. तू माहेरी जाऊन ये, आईच्या मातीवर प्याला ओतून ये." आणि सुक्या माशांची जुडी बांधून द्यायची. जखमेवर मीठ चोळायची म्हातारीची ही रीत मालसुकला चांगलीच कळायची. ती जुडी ती कुत्र्यापुढे टाकायची आणि मुद्दाम घरीच राहायची. शेवटच्या आजारपणातही म्हातारीने तिचं मनगट धरून म्हटलं होतं, "गोछांगला जाऊन ये पोरी." मालसुकने मनगट सोडवून घेतलं होतं.

मांस सोडवून झालं. मिरचीचा डबा उघडायच्या आधी तिने पातेल्यातलं थोडं नितळ पाणी छोट्या भांड्यात काढलं, मुळ्याच्या चार चकत्या त्यात टाकल्या आणि भांडं मागच्या शेगडीवर ठेवलं. ठेवल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे काय केलं आपण. श्राद्धाचा पांढरा रस्सा! इतकी वर्षं तिखट पडायच्या आधी पितरांचा वाटा बाजूला काढायची हाताला सवय. डोक्याला विचारायची गरजच पडली नव्हती. "मेले हात," ती पुटपुटली. ओतून द्यावं असं वाटलं, पण रस्सा ओतून देणं तिच्याच्याने झालं नाही. तिने ते भांडं मागे ढकललं आणि वर झाकण घातलं.

मग तिने चरबी वितळवली आणि तिखट तिच्यात मंद आचेवर परतलं. जास्त आच लागली की ते करपून कडू होतं, म्हणून ती चमचा फिरवत राहिली. तेल सुटून लालभडक झालं, ठसका छतापर्यंत गेला. तिने मूठभर ठेचलेला लसूण टाकला, मांस टाकलं, अळूचे देठ, नेच्याचे कोंब, मुगाचे मोड, पातीच्या कांद्याची बोटभर लांबीची कांडी, जुन्या रांजणातला सोया. हाताने सगळं कालवलं आणि उकळत्या पाण्यात सोडलं. खोकून खोकून तिचे डोळे गळत होते. खिडक्या बंद होत्या. "ये आता," ती म्हणाली. "ये म्हातारे, जेवायला ये."

ऊन कलल्यावर फाटक वाजलं. पुढे पिलग्यू, न्हाऊन गुलाबी झालेला, नवा सदरा घातलेला. मागे मिरान, दोन्ही हातांत पिशव्या. दार उघडलं आणि दोघंही एकदमच खोकले.

"वहिनी! काय जळतंय?"

"काही जळत नाहीये, वन्सं. रस्सा आहे."

मिरानने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि तशीच उभी राहिली. "तांबडा? वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं? आज आईचं श्राद्ध आहे!"

"माहीत आहे की. म्हणून तर केला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या आईनं आत येऊ नये म्हणून केला," मालसुक म्हणाली. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर पडलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

पितरांच्या मेजामागे उभा करायचा घडीचा पडदा पिलग्यूने आणायला घेतला होता, तो तिथेच भिंतीला टेकला. "काय बोलतेस? कळतंय का काय बोलतेस ते?"

"सगळं कळतंय. माझी आई अंगणात पडून होती, लेक येईल म्हणून. तुमच्या आईनं मला येऊ दिलं नाही. आज तुमची आई अंगणात उभी राहील. बास. फिटंफाट."

"अहो, तीस-पस्तीस वर्षं झाली त्याला!" मिरान ओरडली. "मेलेल्या माणसावर कसला सूड उगवता? जिवंत होती तेव्हा भांडायचं होतं!"

"जिवंत होती तेव्हा सून होते मी. सुनेला तोंड असतं का? तुम्ही तुमच्या सासूशी किती भांडलात ते सांगा आधी."

मिरान पातेल्याकडे वळली. "मी ओतून टाकते हे!"

"हात लावून बघा, वन्सं." मालसुकने पळी उचलली. ती काही मारणार नव्हती, पण पळीतून गरम रस्सा ठिबकत होता आणि मिरानने नवीन मोजे घातले होते. ती मागे सरली.

"आणि ओतून काय होणार? वास भिंतींना लागलाय. दुपारपासून खिडक्या बंद आहेत. आज ती येत नाही. पुढच्या वर्षीही हाच करीन. जोवर मी या घरात रांधतेय तोवर ती या घरात जेवत नाही."

पिलग्यूने आधी आरडाओरडा केला. मग हात जोडले. मग बाहेर गेला. अंधारून यायला लागलं होतं. त्याने फाटक रीतीप्रमाणे सताड उघडलं आणि रिकाम्या गल्लीकडे बघत उभा राहिला. दोघी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. तो गल्लीला उद्देशून बोलत होता.

"आई, जरा थांब हं. जाऊ नकोस. करतो काहीतरी. थंडी आहे ना, अंगावर काही घेतलंयस का?"

मिरानला हुंदका आला. मालसुकला बरं वाटलं. खोटं कशाला सांगा, छातीतला वर्षानुवर्षांचा दगड जरासा हलला. हेच तिला ऐकायचं होतं.

पिलग्यू परत आला. तो आत आला नाही, उंबऱ्याशीच बसला, दोघींकडे पाठ करून.

"तिला आत येऊ दे," तो म्हणाला.

"नाही."

"तिचा काही दोष नाही, मालसुक."

बायकोला नावाने हाक मारल्याचं त्या घरात कुणी ऐकलं नव्हतं. मालसुकच्या हातातली पळी थांबली.

"तिला माहीतच नव्हतं. सरपंच मला बांधावर भेटला होता. मला एकट्याला. म्हणाला, तुझी सासू गेली, बायकोला घेऊन लगेच नीघ. मी हो म्हणालो. घरी आलो, तू धिरडी तळत होतीस. काका यायचे होते. तू गेली असतीस तर श्राद्ध कुणी रांधायचं? पहिलंच श्राद्ध माझं... काका काय म्हणाले असते? म्हटलं, झाल्यावर सांगू."

"दादा," मिरान म्हणाली.

"श्राद्ध उरकल्यावर सरपंचाच्या बायकोनं आईला विचारलं, सून माहेरी गेली नाही का म्हणून. तेव्हा तिला कळलं. तोवर तिकडे पुरलंसुद्धा होतं. आईनं मला थोबाडीत मारली. मी तिच्या पाया पडलो. म्हटलं, मालसुक मला सोडून जाईल. तेव्हा ती म्हणाली, 'माझं नाव सांग. सासूचा राग पोटात ठेवून बाई नांदते, नवऱ्याचा ठेवून नांदायची नाही. माझं काय, मला सवय आहे.'" त्याने नाक पुसलं. "मी सांगणारच होतो नंतर. आधी तुझ्या डोळ्यांची भीती वाटायची. मग सवय झाली."

पातेलं रटरटत होतं. मिरानने शेगडीजवळचा पंचा उचलला, पिळून घेतल्यासारखा केला आणि भावाच्या पाठीत हाणला. एकदा, दोनदा. "सवय झाली? सवय झाली? अरे, आई अळणी पेज खात मेली, आणि तुला सवय झाली?"

मालसुकला आधी काहीच वाटलं नाही. मग एकेक आठवायला लागलं. सुक्या माशांच्या जुड्या. कुत्रा किती आनंदाने खायचा त्या. म्हातारीच्या भातात मुद्दाम ठेवलेले खडे. तिच्या अंथरुणाखालची जमीन ऊबदार ठेवणारी, पण मुद्दाम उशिरा पेटवलेली भट्टी. "पोरी, एक चमचा." आणि दर वेळी आपण केवढ्या समाधानाने पाठ फिरवायचो. एका बाईला तिने जन्मभर छळलं होतं, आणि त्या बाईने हूं की चूं न करता छळून घेतलं होतं, आणि ज्याला छळायचं होतं त्याच्या वाटीत ती रोज मांसाचा मोठा तुकडा टाकत आली होती.

राग गेला नाही. त्याने फक्त तोंड फिरवलं, आणि इतक्या वर्षांचा राग नव्या माणसाकडे वळतो तेव्हा त्याला सगळा जोर पहिल्यापासून असतो.

"वन्सं," ती शांतपणे म्हणाली, "खिडक्या उघडा. पुढचं दार, मागचं दार, सगळं. पंखा लावा. अगरबत्ती पेटवा." मग नवऱ्याला म्हणाली, "उठा. पातेलं उचला."

त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. फडकी गुंडाळून त्याने ते अवजड पातेलं उचललं, धापा टाकत अंगण ओलांडलं आणि फाटकाबाहेर नेऊन ठेवलं. तो वळला तर मालसुक मागेच उभी होती, हातात छोटं बैठं जेवणाचं मेज. तिने ते गल्लीत, फाटकाच्या बाहेर मांडलं. त्यावर भाताचा वाडगा ठेवला, आणि तांबडा रस्सा पळीने काठोकाठ वाढला.

"बसा. जेवा."

"आत्ता? अगं, श्राद्ध व्हायचंय अजून."

"माझ्या आईच्या मर्तिकाचं जेवण आहे हे. जावई जेवायचा राहिला होता."

पिलग्यूने वाडग्याकडे पाहिलं आणि त्याला सगळं कळलं. हे पोटात गेलेल्या माणसाला आज पितरांपुढे उभं राहता येणार नव्हतं. "मालसुक, मी थोरला मुलगा आहे. पहिलं वर्ष आहे. पहिला प्याला मी नाही ओतला तर..."

"मीही माझ्या आईची एकुलती एक लेक होते."

"पुढच्या खेपेला पाहिजे ती शिक्षा कर. आज नको. हवं तर मी..."

"जेवा. नाहीतर पातेलं परत आत नेते. तुम्हीच ठरवा, दोघांतलं कोण बाहेर राहायचं ते."

आपल्या आईवर त्याचं खरंच प्रेम होतं, त्याबद्दल दुमत नाही. तो गल्लीत मांडी घालून बसला आणि चमचा उचलला. पहिल्याच घोटाला त्याला ठसका लागला. मिरची जहालच होती. तो खात राहिला, नाकातोंडातून पाणी वाहत होतं, ते तिखटाने की दुसऱ्या कशाने हे मालसुकने बघितलं नाही. वाडगा रिकामा झाला तेव्हा तिने पुन्हा भरला.

आत वारा खेळत होता. नदीकडून येणारी थंड हवा घरभर फिरली, मिरचीचा वास पातळ होत होत अगरबत्तीत मिसळला. पडदा उभा राहिला, फोटो लागला, मासा, धिरडी, नाशपती, सुकी बोरं जागच्या जागी गेली. मिरान रश्श्याच्या जागेकडे बोट दाखवून रडवेली झाली. "वहिनी, रस्सा नाही आता. रश्श्याशिवाय कसं?"

मालसुकने मागच्या शेगडीवरचं झाकण काढलं. मुळ्याच्या चकत्या नितळ पाण्यात काचेसारख्या झाल्या होत्या. तिने ते भांडं गरम केलं आणि वाढलं. हात शहाणे निघाले होते, डोकं नव्हतं.

"प्याला कोण ओतणार?" मिरानने विचारलं. "बायकांनी पहिला..."

"कोण आहे दुसरं?"

मिरानने दाराबाहेर, अंगणापलीकडे पाहिलं. तिथे काळोखात तिचा भाऊ तांबड्या पातेल्याशेजारी बसला होता. "ओता वहिनी," ती म्हणाली.

मालसुकने दोन्ही हातांनी प्याला ओतला, अगरबत्तीच्या धुरावरून फिरवला आणि ठेवला. कपाळ जमिनीला टेकून नमस्कार केला. उठायचं होतं, पण उठता आलं नाही. ती तशीच पालथी राहून बोलली.

"या, सासूबाई. मला काही माहीत नव्हतं. तुम्ही सांगायला हवं होतं. मी तुम्हाला फार छळलं आणि तुम्ही छळू दिलं, याचा मला तुमच्यावरही राग आहे. एक चमचा मागत होतात, तो मी दिला नाही. आता द्यायचा म्हटलं तर तुम्हाला चालत नाही. आजही अळणीच आहे, त्याला मी काय करू?" तिथे तिला रडू फुटलं, आणि मिरानने तिला उठवलं.

मेलेलं माणूस जेवत असताना जिवंत माणसांनी बघत बसायचं नसतं. दोघी बाहेर आल्या, दार लोटलं आणि ओसरीवर बसल्या. बराच वेळ गेल्यावर मालसुक आत जायच्या रीतीप्रमाणे तीनदा खाकरली, आत गेली, आणि सगळं आवरून बाहेर आली. म्हातारी जेवून गेली होती. आता तिखटाला मज्जाव नव्हता. मालसुक फाटकापाशी गेली, पातेल्यातला रस्सा दोन वाडग्यांत वाढून घेतला, आणि नवऱ्याकडे न बघता परत ओसरीवर आली.

तिने पहिला चमचा तोंडात घातला. रस्सा फार छान झाला होता. आईच्या मर्तिकाचा घास, इतक्या वर्षांनी. तिने तो सावकाश गिळला.

"तिखट आहे हो वहिनी," मिरान हाशहुश करत म्हणाली.

"खा. मर्तिकाचा आहे." मग काही वेळाने म्हणाली, "सकाळच्या बसने मी गोछांगला जाणार आहे. भाऊ दार उघडेल न उघडेल. आईच्या मातीला तर दार नाही."

फाटकातून आवाज आला. "आली होती का गं आई?"

"आली होती."

"जेवली?"

"जेवली."

पिलग्यूने रिकामा वाडगा बाजूला सारला. पोटात दोन वाडगे तांबडं घेऊन तो फाटकाच्या त्या बाजूला बसला होता आणि त्याला आत बोलावेल असं त्या घरात कुणी नव्हतं. त्याने घसा साफ केला.

"मालसुक, मी गेल्यावर... माझ्या श्राद्धाला तू पांढराच करशील ना?"

ओसरीच्या वाशाला सुक्या मिरच्यांची शेवटची माळ टांगलेली होती. मालसुकने वर बघितलं, मग वाडग्यात बघितलं.

"बी धरून ठेवलंय यंदाचं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी दोन वाफे जास्त लावीन."

आणि वाडगा घेऊन ती फाटकापाशी गेली नि तिने पळीभर रस्सा आणखी वाढून घेतला.